चमच्याच्या पाठीवरील सिंह

देवघरातील पळी-पंचपात्राचे रुपे पारखताना आपली भिस्त घरच्या सोनारावर असते. त्याचा शब्द हाच शिक्का. विलायती काट्या-चमच्यांची गोष्ट निराळी. संस्थानी दरबारांतून, साहेबांच्या लिलावांतून, परदेशी राहून आलेल्या आप्तांच्या पेट्यांतून ही उपकरणी आपल्याकडील काही घरांत येऊन पडली आहेत. पुढे वाटणीचा प्रसंग आला, किंवा ती आटवून देवापुढे समई घडवावी असा संकल्प झाला, की प्रश्न उभा राहतो: हे सारे रुपेच, की वर नुसता मुलामा? मुलाम्याची वस्तू आटवून हाती काही लागत नाही, आणि खरी जुनी वस्तू एकदा मुशीत गेली की तिचा इतिहासही गेला. उत्तर बहुधा चमच्याच्या पाठीवरच उमटविलेले असते.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०० साली कायद्याने रुप्याचा कस ठरविला. हजार भागांत ९२५ भाग शुद्ध रुपे असावे आणि कसास उतरलेल्या वस्तूवर बिबट्याचे मुख उमटवावे, अशी ती आज्ञा होती. १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर आले, १५४४ पासून चालता सिंह. हा सिंहच आपल्या कामाचा. तो असला म्हणजे वस्तू सबंध रुप्याची. अपवाद १६९७ ते १७२० या काळाचा. तेव्हा कस वाढवून ९५८ केला होता आणि सिंहाऐवजी ब्रिटानिया देवतेची बैठी मूर्ती उमटवीत. १७७३ साली बर्मिंगहॅम व शेफील्ड येथे कस तपासणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमने जहाजाचा नांगर घ्यावा याची गंमत वाटते. शेफील्डने मुकुट घेतला. १७८४ ते १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचे वा राणीचे मस्तकही त्या ओळीत दिसते. अठराव्या शतकातील पुष्कळ चमच्यांवर हे शिक्के दांड्याच्या खालच्या अंगास, वाटीजवळ सापडतात. सुमारे १७८० नंतर ते वर, टोकाकडे सरकले.

मुलाम्याचा इतिहास अलीकडचा. १७४२च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर रुप्याचा पत्रा तापवून सांधण्याची युक्ती काढली. काट्या-चमच्यांस ती फारशी मानवली नाही, कारण कापलेल्या कडेस तांबे उघडे पडे. खरा पूर आला तो बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतल्यावर. आत बहुधा जर्मन सिल्व्हर असे. म्हणजे तांबे, निकेल व जस्त. नावात रुपे, धातूत रतीभरही नाही! अशा मालावर ‘इ.पी.एन्.एस्.’ ही अक्षरे असतात. एवढ्याने भागते तर बरे होते. पण कारखानदार ती वळणदार लिपीत, एकेक वेगळ्या चौकटीत ठोकीत, म्हणजे दुरून पाहणाऱ्यास सरकारी शिक्क्यांची ओळच भासावी. ‘ए-१’ ही खूणही मुलाम्याच्या प्रतीची, रुप्याच्या कसाची नव्हे.

अक्षरे झिजली असतील तर झीज पाहावी. चमच्याच्या वाटीची पाठ मेजावर टेकते तेथे आणि काट्याच्या दातांच्या टोकांस मुलामा आधी उडतो. खालून पिवळट-करडा किंवा तांबूस धातू डोकावतो. घरगुती कसोट्यांवर मात्र आमचा विश्वास नाही. लोहचुंबकास रुपे चिकटत नाही, तसे तांबेही चिकटत नाही. काळे तर मुलाम्याचेही रुपे पडते. कसोटीच्या दगडावर वरवर घासले तर वरचेच रुपे साक्ष देणार. सुऱ्यांच्या मुठी तर पातळ पत्र्याच्या असून आत राळ भरलेली. तेथे वजनावर जाणे व्यर्थ.

सिंह नाही म्हणून वस्तू खोटी, असेही मात्र समजू नये. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात कस तपासणारी तशी कचेरीच नव्हती. कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे ऑर हे पेढीवाले आपापले शिक्के मारीत. भारतात चांदीवर हॉलमार्क देण्याची योजना २००५ साली आली. अशा वस्तूंस पाण्याचा काटा लावावा. चमचा प्रथम हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलावा. १०४ ग्रॅमचा ९२५ कसाचा चमचा पाण्यात सुमारे १० ग्रॅमने हलका भरतो. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा, सुमारे १२ ग्रॅमने. सोनाराचा बारीक काटा असला की दोन ग्रॅमचा हा फरक सहज दिसतो, आणि चमच्यास कानशीचा ओरखडाही लागत नाही.