शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या दक्षिणेस, पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव लागते. केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ति सदन, 1896-97 च्या दुष्काळात तिथे आणलेल्या शेकडो मुली आणि तिथल्या छापखान्यातले मराठी बायबल, एवढे बहुतेकांना आठवते. पण या संस्थेचे मूळ शारदा सदन. ते 11 मार्च 1889 रोजी मुंबईत निघाले, 1890 मध्ये पुण्यात आले आणि पुढे केडगावच्या आवारात सामावले. या शाळेने काय घडवले ते पाहायचे, तर तिच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीकडे, गोदूबाई नातू यांच्याकडे वळावे असे आम्हांस वाटते.

गोदूबाई बालविधवा. सासरी राबण्यात विशी उलटल्यावर बंधू नरहरपंत जोशी यांनी त्यांना सदनात घातले. विधवेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे आणि धर्म ज्याचा त्याने पाळावा, असा सदनाचा दंडक होता. रमाबाईंची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून चाले. मुली तिथे जाऊन बसू लागल्या, आणि 1893 मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्याच वर्षी, योगायोगाने 11 मार्चलाच, गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. रमाबाईंचा धर्म त्यांनी घेतला नाही. आपल्या आयुष्याचा निर्णय आपण करायचा, हे घेतले. धर्मांतरितांची मोजदाद करण्यात दोन्ही पक्ष इतके गुंतले की सदनाचे हे यश कोणाच्याच हिशेबात आले नाही.

निर्णयाची किंमत मोठी होती. कर्व्यांच्या मुरूडात बहिष्कार पडला. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा लोकांचा विश्वास टिकावा म्हणून पुनर्विवाहाची चळवळ त्यापासून दूर ठेवली गेली. म्हणजे ज्या बाईने विधवाशिक्षणाचे फळ स्वतः चाखले, तीच आश्रमाला अडचणीची ठरली! त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवाच राहिल्या, त्यामुळे आश्रमात पुढे आल्या आणि थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. आनंदीबाई झालेल्या बाया मात्र वर्गणी गोळा करीत आपल्या परीने हिंडल्या. कर्व्यांनी पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा त्या संतापल्या. पतीला देव मानणाऱ्या चरित्रवाङ्मयात हा संताप आम्हांस फार मोलाचा वाटतो.

त्यांचे 'माझे पुराण' 1944 साली निघाले. त्यात ग्रंथकर्तीचा आव नाही, बोलणाऱ्या बाईचा सूर आहे. अभ्यासक्रमात रमाबाई एका प्रकरणात आणि कर्वे दुसऱ्यात असतात. हे पुस्तक दोहोंच्या मधल्या जागेत बसते, आणि बहुधा म्हणूनच वर्गात क्वचित उघडले जाते.