पोपटाच्या छातीचा एक्स-रे
१२. अण्णा नगरच्या एका दवाखान्यातला हा एक्स-रे आफ्रिकन ग्रे पोपटाचा. पक्ष्याला उताणं ठेवून, छातीचं हाड कण्याच्या बरोबर वर येईल असं धरूनच तो काढायचा. पक्षी जरा कलला की माप फसतं. वर हृदय, खाली यकृत, दोन्हींच्या सावल्या मिळून डमरूचा आकार दिसतो. डमरूची कंबर भरली, तर बहुधा दोहोंपैकी काहीतरी वाढलं आहे. कोणतं, ते सोनोग्राफीत कळतं. जर्मन पशुवैद्यांनी २००२ साली दिलेल्या मापांनुसार, मध्यम आकाराच्या पोपटांत हृदयाची रुंदी त्याच पातळीवरच्या छातीच्या ५१ ते ६१ टक्के असते. मात्र धापा टाकणाऱ्या पक्ष्याला आधी प्राणवायू द्यावा, एक्स-रे नंतर. नुसत्या पकडण्याच्या ताणानेही असा पक्षी दगावू शकतो.