एच१एन१ मधली गुंज

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि बघता बघता औषधाच्या दुकानांतले मास्क संपले. अशाच एका दुकानापुढच्या रांगेत माझ्या पुढचे काका सगळ्यांना समजावत होते, की एच१एन१ मधला एच म्हणजे ह्यूमन आणि एन म्हणजे नॉन-ह्यूमन; माणसाचा न् डुकराचा विषाणू एक झाला म्हणून हे नाव. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. पुढे त्या एचचा माग काढत निघालो तो थेट सोनाराच्या तराजूतल्या गुंजेपाशी पोचलो. वाटेत एरंड लागला, म्हणून कुणी याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हटलं तरी माझी तक्रार नाही.

गुंज सगळ्यांनी पाहिलेली असते: लालभडक बी, टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. दिसायला देखणी, पण फोडून चावली तर जीव घेणारी. एरंडीच्या बीचंही तेच. एरंडेल बिचारं निरुपद्रवी, विष मागे पेंडीत राहतं. हे एरंडीचं विष १८८८ साली डोर्पात विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूत, हर्मान स्टिलमार्क अभ्यासत होता. त्याला असं दिसलं, की अर्क रक्तात टाकला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात. गुठळी वेगळी, तिच्यात रक्तच गोठतं. इथे पेशी नुसत्या गोळा होतात, पाणी जास्त झालेल्या साबुदाण्यासारख्या. गुंजेच्या अर्कानेही हेच होतं. अशा चिकटवणाऱ्या द्रव्याला पुढे हिमॅग्लुटिनिन हे नाव पडलं: ‘हिम’ म्हणजे ग्रीकमधलं रक्त, ‘ग्लुटेन’ म्हणजे लॅटिनमधला सरस. रक्ताचा सरस. एच१एन१ मधला एच तो हाच. विषाणूच्या अंगाला हे नाव लागण्याच्या कितीतरी आधी ते बियांच्या अर्काचं होतं.

इथपर्यंत ही नुसती शब्दांची गंमत वाटेल. पण १८९१ साली बर्लिनमध्ये पॉल एर्लिखने याच दोन बिया हाती घेतल्या. त्याने उंदरांना रायसिन, म्हणजे एरंडीचं ते विष, घातलेली बिस्किटं चारली, आधी अगदी कणभर, मग वाढवत वाढवत. काही आठवड्यांत उंदीर असे तयार झाले की एरवी मारून टाकणारी मात्राही पचवू लागले. मात्र एरंडीला सरावलेला उंदीर गुंजेच्या विषाला बळी पडे, आणि गुंजेला सरावलेला एरंडीच्या. म्हणजे शरीर जे काही तयार करतं ते त्या-त्या विषापुरतंच असतं. हे मांडताना एर्लिखने एक शब्द वापरला: ‘अँटिक्योर्पर’. इंग्रजीत तो अँटीबॉडी झाला आणि मराठीत प्रतिपिंड. म्हणजे प्रतिपिंड या शब्दाची नाळही गुंजेच्याच वेलावर.

या शब्दावर माझा राग आहे. जर्मन ‘क्योर्पर’ म्हणजे शरीर हे खरं, पण एकोणिसाव्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ कुठल्याही पदार्थाला सर्रास क्योर्पर म्हणत. एर्लिख रंगांच्या रसायनात मुरलेला माणूस. त्याच्या तोंडी हा शब्द ‘द्रव्य’ याच अर्थाने आला असणार, याबद्दल मला शंका नाही. इंग्रजांनी त्याचं ‘बॉडी’ केलं आणि आपण त्या बॉडीचा पिंड केला. आता प्रतिपिंड म्हटलं की दर्भावर ठेवलेला भाताचा गोळा आठवतो. ‘प्रतिद्रव्य’ जास्त नेमकं झालं असतं, पण तो शब्द अँटीमॅटरकडे गेला. शब्दांच्या अशा उलट्यासुलट्या जन्मकथा याँ लिंडेनमान यांनी १९८४ साली एका लेखात खोदून काढल्या. हे लिंडेनमान स्वतः फ्लूवाले. १९५७ साली अॅलिक आयझॅक्ससोबत फ्लूच्या विषाणूवर प्रयोग करता करताच त्यांना इंटरफेरॉन सापडलं.

आता माझा लाडका दुवा. १८९७ साली एर्लिखने उंदीर बाजूला ठेवून परीक्षानळी घेतली. नळीत रक्त, त्यात रायसिन: पुंजके. दुसऱ्या नळीत रक्त, रायसिन आणि सरावलेल्या प्राण्याचं सीरम: पुंजके नाहीत. सीरमातल्या प्रतिपिंडांनी विषाला धरून ठेवलं आणि ते जिवंत शरीराबाहेर, डोळ्यांसमोर दिसलं. हा प्रयोग लक्षात ठेवा, कारण चव्वेचाळीस वर्षांनी तो जसाच्या तसा परत येतो.

मधला इतिहास सर्वश्रुत आहे. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात माणसाच्या फ्लूचा विषाणू पकडला; मग तो कोंबडीच्या अंड्यात वाढवता येऊ लागला. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट अशाच अंड्यांतून गर्भाभोवतीचं पाणी काढून घेत होता. काढताना गर्भाची रक्तवाहिनी फाटली, थोडं रक्त पाण्यात उतरलं, आणि तांबड्या पेशींचे पुंजके झाले. नीट न जमलेलं काम एखाद्याने ओतून दिलं असतं. हर्स्टने ते निरखलं. निरोगी अंड्यात असं होत नव्हतं; विषाणू असेल तरच होई. पुढची पायरी त्याच वर्षीची: फ्लू होऊन गेलेल्या माणसाचं सीरम आधी घाला, पुंजके थांबतात. एर्लिखचीच नळी, फक्त एरंडीच्या जागी विषाणू.

हर्स्टला हे इतक्या चटकन का सुचलं? माझा तर्क असा. त्याची प्रयोगशाळा रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या आवारात होती आणि त्याच आवारात कार्ल लँडस्टायनर म्हातारपणीही रोज कामाला येत होते. पेशींचे पुंजके बघून रक्तगट शोधणारे ते लँडस्टायनर. त्यांनी बियांचे अर्कही निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तावर तपासले होते. त्या आवारात पुंजके ही घरचीच भाषा होती. यावर कुणीही म्हणेल, की टोरांटोत मॅक्लेलंड आणि हेअर यांना त्याच १९४१ साली स्वतंत्रपणे हेच दिसलं, तिथे कुठे होते लँडस्टायनर? आक्षेप बिनतोड आहे. टोरांटोच्या लेखाच्या मथळ्यातच प्रतिपिंड मोजण्याची नवी पद्धत असा उल्लेख आहे. माझा तर्क लंगडतो हे कबूल. तरी सोडवत नाही. (ज्या रॉकफेलर फाउंडेशनच्या विभागात हर्स्ट होता, त्याच फाउंडेशनच्या साथीने १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं. तीच आजची एनआयव्ही.)

ही चाचणी आजही चालते. प्लास्टिकची प्लेट, तळाला निमुळत्या शहाण्णव वाट्या. सीरम पहिल्या वाटीत दहापट पातळ, पुढच्या वाटीत वीसपट, मग चाळीस, ऐंशी. प्रत्येकीत मोजका विषाणू, मग टर्कीच्या किंवा कोंबडीच्या पेशींचं अर्ध्या टक्क्याचं फिकट लाल पाणी. अर्धा तास थांबायचं आणि प्लेट तिरकी धरायची. जिथे प्रतिपिंड पुरेसे आहेत तिथे पेशी तळाशी बटणासारख्या बसलेल्या असतात आणि तिरकं करताच थेंबासारख्या ओघळतात. जिथे कमी पडले तिथे पेशी विषाणूंनी जाळीत बांधलेल्या; त्या ओघळत नाहीत. शेवटची ओघळणारी वाटी चाळीसपटीची असेल तर तुमचा टायटर चाळीस. स्वयंसेवकांना मुद्दाम विषाणू देऊन केलेल्या प्रयोगांवरून, हॉब्सन आणि सहकाऱ्यांच्या १९७२ च्या लेखापासून, साधारण चाळीसला निम्मं संरक्षण असं गणित रूढ झालं आणि लशी त्यावर जोखल्या जाऊ लागल्या.

एक उसनवारी इथे सांगायलाच हवी. प्रतिपिंड नसलेलं सीरमही कधी कधी पुंजके थांबवतं, कारण त्यातल्या प्रथिनांवरच्या साखरा विषाणूला चकवतात. म्हणून सीरम आधी एका विकरात रात्रभर ठेवतात, आणि ते विकर येतं पटकीच्या जंतूपासून. ते दाखवलं १९४६ साली मेलबर्नमध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी.

हे विकर जे कापतं तेच काम एच१एन१ मधला एन करतो, आणि त्याच्या नावाचं भांडण मला फार आवडतं. पेशीवरच्या साखरांच्या साखळीच्या टोकाला एक आम्लधर्मी साखर असते. विषाणूचा एच तिलाच धरतो. स्वीडनच्या ब्लिक्सला ती १९३६ साली गायीच्या लाळग्रंथीत मिळाली, म्हणून लाळेवरून तिचं नाव सायालिक. जर्मनीच्या क्लेंकला १९४१ साली मेंदूत मिळाली, म्हणून मज्जेवरून न्यूरामिनिक. १९५७ साली दोघांनी आणि गॉटशाल्कने मिळून तह केला: कुळाचं नाव सायालिक, मूळ रेणूचं न्यूरामिनिक. ती साखर कापणाऱ्या विकराला मात्र कुणी सायालिडेज म्हणत राहिलं, कुणी न्यूरामिनिडेज. फ्लूवाल्यांत मेंदू जिंकला. लाळ जिंकली असती तर आपण एच१एस१ म्हणालो असतो, आणि खरं सांगायचं तर घशाच्या आजाराला तेच जास्त शोभलं असतं.

आता प्रतिपिंड नेमकं काय अडवतो ते. एचची रचना विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी १९८१ साली दाखवली: तीन एकसारख्या साखळ्यांचा खुंट, वर डोकं, खाली देठ. डोक्यावर एक लहानशी खोबण, त्यात ती साखर बसते. प्रतिपिंडाचं तोंड खोबणीपेक्षा मोठं; त्यामुळे तो तिच्यासोबत काठही व्यापतो. विषाणू खोबण जपून फक्त काठ बदलतो आणि गेल्या वर्षीचा प्रतिपिंड घसरतो. एनला धरणारे प्रतिपिंड विषाणूला आत जाऊ देतात, पण बाहेर पडणाऱ्या पिल्लांची सुटका होऊ देत नाहीत. ती पेशीलाच चिकटून राहतात.

आणि देठ? विषाणू पेशीने गिळला की आतलं आम्ल वाढतं, एच उलटापालटा होतो आणि दोन्हींची आवरणं एक होतात. देठाला धरलेला प्रतिपिंड ही उलथापालथच रोखतो. पण डोकं मोकळं असल्याने वाटीत पुंजके होतातच आणि चाचणी म्हणते, प्रतिपिंड नाही. १९९३ साली जपानच्या ओकुनो आणि सहकाऱ्यांनी उंदरापासून सी१७९ नावाचा असा प्रतिपिंड मिळवला. तो तपासलेल्या एच१ आणि एच२ दोन्ही प्रकारांना रोखत होता, पण पुंजके थांबवत नव्हता. माणसातले असे प्रतिपिंड गाजायला २००८-०९ उजाडलं. एच हे नाव पुंजक्यांवरून पडलं, म्हणून पुंजके थांबवेल तोच खरा प्रतिपिंड असं सगळे धरून चालले, असं माझं ठाम मत आहे. जाणकार म्हणतात, शरीर मुळात डोक्याविरुद्धच जास्त प्रतिपिंड बनवतं आणि चाळीसचं गणित बऱ्यापैकी खरं ठरतं, तर नावाला दोष कशाला? त्यांचंही चूक नाही.

मात्र एरंड-गुंज आणि फ्लू यांचं नातं निव्वळ नावापुरतं असेल असं वाटत होतं, तेही खोटं ठरलं. तांबड्या पेशीवरच्या त्या साखळीत सायालिक आम्लाच्या अगदी खालची साखर म्हणजे गॅलॅक्टोज, आणि एरंड-गुंजेचं चिकटद्रव्य धरतं ते गॅलॅक्टोजलाच. हर्स्टने १९४२ साली पाहिलं, की सदतीस अंशांवर ठेवलं तर विषाणू स्वतःहून पेशी सोडतो आणि त्या पेशींना मग नवा विषाणू चिकटत नाही. एनने टोकाची साखर कापून नेलेली असते. उघडी पडलेली गॅलॅक्टोज तेव्हा एरंडीच्या अर्काला आणखी सहज हाती लागते.