देहरंगचे पाणी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. तिची महानगरपालिका २०१६ मध्ये झाली. गावात वडाळे, कृष्णाळे ही जुनी तळी होतीच. पण वस्ती वाढली, तसे गाढी नदीवर देहरंगचे धरण बांधावे लागले. यालाच गाढेश्वर म्हणतात.

श्रोतेहो, आषाढात माथेरानच्या डोंगरावरून उतरणारे पाणी पाहावयास मुंबईची मंडळीही तेथे लोटतात. माणसे बुडतात, म्हणून मनाईहुकूमही निघतात. पण वैशाखात तेथे कोण फिरकतो? तेव्हा गाळाने उथळ झालेले तेच धरण आटते आणि नळाला दिवसाआड पाणी येते.

आम्हांस वाटते, धरण तहानेसाठी बांधले, मौज ही त्याची वरकड. सहलीचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र गाळाचा हिशेब आपणच उन्हाळ्यात विचारला पाहिजे.