मुरवायचं कसं?

भाईंदर पश्चिमेला माझं औषधाचं दुकान आहे. केस गळतात म्हणून येणारा आधी टँकरच्या पाण्याला दोष देतो. मी त्याचं ऐकून घेतो आणि मिनॉक्सिडिलच्या ड्रॉपरवरची १ मिलिलिटरची खूण दाखवतो. दिवसातून दोनदा, म्हणजे ६०ची बाटली महिनाभर. "केसांना नाही, टाळूला लावा. आणि मुरू द्या."

मुरणं हा शब्द आईचा. ती माक्याचा रस खोबरेल तेलात कढवायची. त्या तेलात वात भिजवून पेटवायची. तडतडली, तर पाणी अजून उरलंय, पुन्हा मंद आच. रात्री पेरांनी ते तेल आमच्या टाळूत जिरवत बसायची. वरवर चोपडलेलं तिला चालायचंच नाही.

मिनॉक्सिडिल मुळात गोळी. अमेरिकेत १९७९ साली ती रक्तदाबासाठी मंजूर झाली. ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर लव दाट होऊ लागली. अपजॉन कंपनीने तेच औषध टाळूवर लावण्यासाठी द्रावणात आणलं. १९८८ मध्ये २ टक्क्यांच्या द्रावणाला मंजुरी मिळाली. अडचण कातडीची. तिचा वरचा मृत पेशींचा थर सहसा काही आत घेत नाही. म्हणून सोबतीला अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. त्या ग्लायकॉलनेच अनेकांची टाळू खाजते, कोंड्यासारखी पापुद्री निघते आणि माणूस औषध सोडून देतो. २००६ मध्ये ग्लायकॉल नसलेला फेस आला.

पुढची गोष्ट आपल्या शीवची, म्हणून मला जास्त जवळची. लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली १०० पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५ टक्के मिनॉक्सिडिल सगळ्यांना. निम्म्यांच्या टाळूवर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलरही. १२ आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस रोलरवाल्यांचे सरासरी ९१ने वाढले, नुसत्या औषधावाल्यांचे २२ने. मला वाटलं होतं, सुईने वाट केली आणि औषध आत उतरलं. पण रोलर फिरवल्याच्या दिवशी त्यांना मिनॉक्सिडिल लावायचंच नव्हतं! बारीक जखम भरताना कातडी स्वतःच मुळांना जागं करते, असं डॉक्टर मानतात.

आता गिऱ्हाईक घरी फिरवायला रोलर मागतं. मी डॉक्टरकडे पाठवतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर हल्ली मिनॉक्सिडिलची गोळीही असते. रक्तदाबाला १० ते ४० मिलिग्रॅम लागायची, केसांसाठी ५च्या आत. ती मी अजून रक्तदाबाच्या कप्प्यातच ठेवतो.