जन्मकालीन इजा आणि आरोग्य विमा (रत्नागिरी जिल्हा)

प्रसूतीदरम्यान किंवा तिच्या लगेच आधी-नंतर बालकाला होणाऱ्या शारीरिक हानीस जन्मकालीन इजा म्हणतात. अशा इजेसह जगणाऱ्या व्यक्तींच्या उपचारांचा खर्च रत्नागिरी जिल्ह्यात प्रामुख्याने निरामया योजना, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कर्मचारी राज्य विमा आणि खासगी पॉलिसी यांतून काही अंशी भागतो. यांपैकी कोणता मार्ग खुला होईल, हे इजेच्या तीव्रतेपेक्षा प्रमाणपत्रावर तिचे नाव काय लिहिले आहे यावर अधिक अवलंबून असते.

संज्ञा आणि वर्गीकरण

जन्मकालीन इजा आणि जन्मजात व्यंग या भिन्न गोष्टी आहेत. जन्मजात व्यंग म्हणजे शरीराच्या आकारात, रचनेत किंवा अवयवाच्या स्थानात जन्मतःच असलेली विकृती. विमा नियमांतही व्याख्या हीच असून तिचे बाह्य व आंतरिक असे दोन प्रकार केले आहेत. प्रसूतीत प्राणवायू कमी पडून मेंदूला झालेली हानी किंवा खांदा अडकल्याने हाताच्या मज्जातंतूंवर आलेला ताण या व्याख्येत सरळ बसत नाही. मराठीत मात्र दोन्हींना सर्रास 'जन्मजात' म्हटले जाते आणि रुग्णालयाच्या कागदावर हा एक शब्द पडला की विम्याचा दावा वेगळ्याच कलमाखाली तपासला जाण्याचा संभव असतो.

प्राणवायूच्या अभावाचा दीर्घकालीन परिणाम बहुधा सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूचा पक्षाघात) रूपाने दिसतो. सेरेब्रल पाल्सीची सर्वच प्रकरणे प्रसूतीतील इजेमुळे होत नाहीत. अकाली जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग आणि नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ हीही तिची कारणे आहेत. मज्जातंतूंच्या ताणातून येणारा हाताचा लुळेपणा 'अर्ब्ज पाल्सी' या नावाने ओळखला जातो. बहुतेक बालकांत तो काही महिन्यांत व्यायामाने सुधारतो. तसे न झाल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय साधारणतः पहिल्या वर्षातच घ्यावा लागतो.

निरामया योजना

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या न्यासाने ही योजना २००८ साली सुरू केली. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच अवस्थांना ती लागू आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. वयाची अट नाही आणि नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणीही नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी नोंदणी शुल्क २५० रुपये व नूतनीकरण ५० रुपये, तर इतरांसाठी ते अनुक्रमे ५०० व २५० रुपये आहे.

बाह्यरुग्ण उपचार, औषधे, तपासण्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि वाचोपचार यांचा खर्च देणे हे या योजनेचे वेगळेपण होय. जन्मकालीन इजेचा मुख्य खर्च रुग्णालयात दाखल होण्यावर नसून वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारसत्रांवर होतो, आणि सर्वसाधारण आरोग्य विमा नेमका तोच वगळतो. तथापि रक्कम प्रतिपूर्तीच्या स्वरूपात मिळते, म्हणजे पैसे आधी कुटुंबाला भरावे लागतात. शिवाय प्रत्येक बाबीला उपमर्यादा आहे. प्रवासासाठीची उपमर्यादा वर्षाला १ हजार रुपये आहे. मुंबईतील वाडिया बालरुग्णालय किंवा हाजीअली येथील पुनर्वसन संस्था रत्नागिरीपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असल्याने मंडणगड ते राजापूर अशा पसरलेल्या या जिल्ह्यातील कुटुंबांना ही रक्कम नाममात्रच ठरते.

अर्ब्ज पाल्सी असलेले मूल निरामयाच्या कक्षेबाहेर राहते. दिव्यांगत्वाच्या वर्गवारीत ते चलनवलन अक्षमतेखाली येते आणि हा प्रकार न्यासाच्या चार अवस्थांत नाही. एकाच प्रसूतिगृहात, एकाच कारणाने अडलेल्या दोन प्रसूतींतील एका बालकाला योजना लागू होऊ शकते आणि दुसऱ्याला नाही.

लाभार्थी १८ वर्षांचा झाल्यावर, तो स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असेल, तर पालकांनाही कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा रायगड त्यांत होता, रत्नागिरी नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. सुरुवातीची प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने ५ लाखांवर नेण्यात आली आणि योजना शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून न ठेवता राज्यातील सर्व रहिवाशांना खुली करण्यात आली. ठरावीक शस्त्रक्रिया व आंतररुग्ण उपचार यांपुरती ती असल्याने नियमित उपचारसत्रे तिच्यातून भागत नाहीत.

कर्मचारी राज्य विमा

मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांमुळे कोकणात या विम्याला विशेष महत्त्व आहे. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले, व्याप्त आस्थापनांतील कामगार त्यात येतात. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे संपूर्णपणे कामगारावर अवलंबून असलेले अपत्य, ते व्यंग असेपर्यंत, वयाची मर्यादा न लावता कुटुंबात गणले जाते. ही तरतूद उदार असली तरी निवृत्तीनंतर मिळणारी सवलतीची वैद्यकीय सेवा कामगार व त्याच्या जोडीदारापुरतीच असते. पालक वृद्ध होतात त्याच सुमारास अपत्याचे संरक्षण संपते.

खासगी विमा

दिव्यांग व्यक्तींना पॉलिसी नाकारण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. हातपाय लुळे पडलेल्या एका व्यक्तीच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विमा नियामकाला अशा व्यक्तींसाठी उत्पादने तयार होतील हे पाहण्याचे निर्देश दिले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने प्रत्येक सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी उपलब्ध करणे बंधनकारक केले. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ पासून कमाल ३६ महिने आहे. पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया लागणाऱ्या बालकाला या तरतुदीचा उपयोग नाही.

नुकसानभरपाई

विमा आणि भरपाई यांची गल्लत होते. निष्काळजीपणा झाला असल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. मात्र त्यासाठी दोष सिद्ध करावा लागतो. दोष सिद्ध न करता मदत देणारी व्यवस्था अमेरिकेतील व्हर्जिनिया व फ्लोरिडा या राज्यांत १९८० च्या दशकात कायद्याने निर्माण झाली. जपानमध्ये जानेवारी २००९ पासून प्रसूतीशी संबंधित तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकास एकूण ३ कोटी येन दिले जातात. त्यांतील ६० लाख सुरुवातीला आणि उरलेले २० वर्षांत हप्त्यांनी मिळतात. प्रत्येक प्रकरणाच्या कारणमीमांसेचा अहवाल पालक आणि प्रसूतिगृह दोघांनाही पाठवला जातो.