वजन माणसाचं, दोष वस्तीचा

गरीब माणसाचं वजन वाढलं की लोक म्हणतात, ‘आळशी आहे, खाण्याचं भान नाही.’ दोष व्यक्तीच्या माथी मारला की व्यवस्था नामानिराळी राहते. ही चाल आपल्या ओळखीची आहे. म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा इतिहास आपण वाचावा, असं आम्हाला वाटतं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं, तेव्हा या दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यांनी नेमकं हेरलं होतं.

1933 मध्ये अमेरिकेत होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था उभी राहिली. तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग कर्जासाठी उत्तम, लाल भाग धोकादायक. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक ठिकाणी लाल रंगात गेल्या. 1934 पासून सरकारने घरकर्जांना हमी दिली, पण तिचा लाभ मुख्यतः गोऱ्यांच्या उपनगरांना झाला. महायुद्धानंतर गोरी कुटुंबं तिकडे गेली आणि त्यांच्या मागोमाग मोठी किराणा दुकानंही गेली. अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधून महामार्ग काढले गेले. मागे उरलं ते डबाबंद खाणं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान आणि तळलेलं स्वस्त अन्न. गावकुसाबाहेरची वस्ती आपल्याकडे रूढीने ठरवली, तिथे ती सरकारी नकाशाने पक्की केली.

1968 च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातल्या भेदभावावर बंदी आली, पण वस्त्या बदलल्या नाहीत.

यात दोष गरिबीचा की वस्तीचा? 1994 ते 1998 या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या सरकारी वसाहतींमधल्या सुमारे 4,500 कुटुंबांची सोडत काढली गेली. त्यातल्या एका गटाला कमी गरिबीच्या वस्तीत राहण्यासाठी भाड्याची मदत देऊ केली. दहा ते पंधरा वर्षांनी तपासणी झाली. मदत न मिळालेल्या गटातल्या सुमारे 35 टक्के स्त्रिया अतिलठ्ठ होत्या. मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण साडेचार टक्क्यांहून थोडं अधिक कमी होतं. मधुमेहही कमी आढळला. महत्त्वाचं म्हणजे, या स्त्रियांची कमाई वाढली नव्हती. बदलली होती ती वस्ती.

आता कोणी म्हणेल, ‘भारतात तर श्रीमंतच लठ्ठ असतात.’ आजवरचं चित्र बरंचसं तसंच आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शहरांतल्या 33 टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आहे, तर खेड्यांत हेच प्रमाण सुमारे 20 टक्के आहे. आपला समाज खेडं सोडून शहरात आला, तो बहुतांशी झोपडपट्टीत आणि चाळीत. उद्या हा आजार त्याच्या दारात येणार नाही, याची हमी कोण देणार?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या लढ्यात आपण घराचे चौरस फूट मोजत आलो: 225, मग 269, आता 300. तो लढा योग्यच होता. पण दाराबाहेर काय आहे, हे कोणी मोजलं? दोन इमारतींमध्ये ऊन येतं का? मुलांना मैदान आहे का? बायांना संध्याकाळी निर्धास्त चालायला पदपथ आहे का? भाजीबाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे का?

पुनर्वसनाच्या करारावर सही करण्याआधी वस्तीतल्या तरुणांनी हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावं. आरोग्याचा हक्क नकाशावरच मागावा लागतो. इमारत उभी राहिल्यावर मैदान मागून मिळत नाही.